काळ सर्वांसाठी एकच आहे काय?

वडील शेतात सावली पाहून वेळ सांगतात, मी घड्याळ पाहतो. दोघांची वेळ जुळते. म्हणून काळ सर्वांसाठी एकाच गतीने चालतो, असे आपण गृहीत धरतो. न्यूटनचेही तेच मत होते. १९०५ साली आइन्स्टाइनने या समजुतीला धक्का दिला.

याचा पुरावा आकाशातून सतत येत असतो. विश्वकिरणांच्या आघातामुळे सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या अवधीत प्रकाशदेखील सुमारे ६६० मीटरच जातो. मग हे कण जमिनीपर्यंत पोहोचतात कसे? आपल्या दृष्टीने, प्रचंड वेगामुळे त्यांचा काळ मंदावतो. कणाच्या दृष्टीने मात्र त्याचे आयुष्य तेवढेच राहते. आखडते ते वाटेतले अंतर. १९४१ साली रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो येथे मोजमाप करून अधिक वेगवान कण अधिक काळ टिकतात, हे दाखवून दिले.

‘सर्वच सापेक्ष आहे’ असे आपण वादात सहज म्हणून टाकतो. मीही म्हणत असे. परंतु काळाची व अंतराची मापे वेगळी आली तरी कण जमिनीवर पोहोचला, याविषयी दुमत होत नाही. प्रकाशाचा निर्वातातील वेगही सर्वांना सारखाच आढळतो. १९०८ मध्ये मिन्कोव्हस्कीने अवकाश आणि काळ एकत्र गुंफून दाखवले. वडिलांची सावली आणि माझे घड्याळ यांचा मेळ लागतो, तसा या वेगळ्या मापांचाही लागतो. तो मेळ लावण्याचे गणित म्हणजेच सापेक्षता.