जुना राउटर, नवे फायबर

प्रश्न : जुन्या टीपी-लिंक डब्ल्यूआर८४१एनवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) आहे. २०० एमबीपीएसचे फायबर घेतले, पण वेग ९०-९५ च्या पुढे जात नाही. कोणता राउटर घेऊ?
– एक वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : जाणारच नाही, त्याची पोर्टच १०० एमबीपीएसची. शिवाय बहुतेक आवृत्त्यांत फ्लॅश ४ आणि रॅम ३२ एमबी. ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्या त्यात मावत नाहीत, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबल्या. त्याला आता निवृत्त करा.

खोक्यावरच्या 'एएक्स३०००' अशा आकड्यांना भुलू नका, आतली चिप पाहा. ब्रॉडकॉमचे वायफाय असेल तर लांबूनच नमस्कार, कारण मुक्त ड्रायव्हरची बोंब. मीडियाटेक एमटी७९८१, २५६ एमबी रॅम आणि गिगाबिट पोर्ट एवढे जमले की घरापुरते भरपूर. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाचा स्वतःचा राउटर 'ओपनडब्ल्यूआरटी वन' (२०२४) याच चिपच्या घराण्यातला आहे.

एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत चिप वेगळी निघू शकते. त्यामुळे तळाच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती प्रकल्पाच्या यादीशी ताडल्याशिवाय दुकानदाराला पैसे देऊ नका. ॲडॉप्टर १२ व्होल्टचा असेल तर उत्तम. वीज गेली तरी छोट्या यूपीएसवर राउटर चालू राहील. मात्र ओएनटीलाही (फायबरची तार जिथे जोडली जाते त्या डबीलाही) यूपीएसचा आधार द्या.