कॉफीची घरगुती भाजणी : कढई, डबा आणि वजनातील घट

एखादा लहान धंदा सुरू करू इच्छिणारा माणूस पहिला प्रश्न यंत्राचा विचारतो. यंत्र केवढ्याला पडेल, कोठे मिळेल, त्यासाठी कर्ज निघेल काय? कॉफी भाजण्याच्या धंद्यातही हाच अनुभव येतो. वास्तविक आठवड्याला चार-पाच किलो कॉफी भाजायची तर घरातील जाड कढई पुरते. या धंद्यात लहान माणूस बुडतो तो यंत्र नाही म्हणून नव्हे, तर भाजताना वजन किती घटले ते लिहून ठेवत नाही म्हणून. आजच्या धड्यात आपण साध्या भांड्यात कॉफी कशी भाजावी आणि भाजलेल्या मालाचा भाव कसा काढावा, या दोन गोष्टी पाहू.

नगरमध्ये कॉफी कशासाठी?

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी पाऊस तेवढाच. कॉफीच्या झाडाला डोंगरउतार, सावली आणि भरपूर पाऊस लागतो. ते येथे होणार नाही. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला ते होते, पण थोडे. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात, मुख्यतः कोडगू, चिकमगळूर व हासन या जिल्ह्यांत पिकते.

मग नगरच्या माणसाने यात का पडावे? कारण कच्चा दाणा कोरड्या जागी कित्येक महिने टिकतो. भाजलेल्या दाण्याचा सुवास मात्र काही आठवड्यांत उतरतो आणि दळलेल्या पुडीचा त्याहूनही लवकर. म्हणून माल मळ्यातून कच्चा आणावा आणि पिणाऱ्याच्या गावात भाजावा, हे सोयीचे. आपले गाव चहाचे, हे आम्हाला मान्य आहे. परंतु छावणीच्या गावात दक्षिणेकडील कुटुंबे असतात, फिल्टर कॉफी देणारी हॉटेले असतात. गिऱ्हाईक थोडे, म्हणून धंदाही थोडक्यात सुरू करावा.

या भाजणीशी एक जुनी गोष्ट जोडलेली आहे. कॉफी पिण्याची चाल पंधराव्या शतकात येमेनमधील सूफींमध्ये रुळली. अरबीतील ‘कहवा’ हाच शब्द फिरत फिरत ‘कॉफी’ झाला. येमेनचे व्यापारी दाणा भाजून किंवा उकळूनच बाहेर जाऊ देत, म्हणजे तो परक्या मुलुखात उगवणार नाही, असे सांगतात. सतराव्या शतकात हजहून परतताना बाबा बुडन यांनी मोखा बंदरातून सात कच्चे दाणे आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावले, ही परंपरेने चालत आलेली हकीकत. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कच्चा माल

१९४२ च्या कायद्यान्वये मळेवाल्यांना आपली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावी लागे. १९९६ पासून त्यांना ती स्वतः विकण्याची पूर्ण मोकळीक मिळाली. त्यामुळे आज लहान गिऱ्हाईकालाही कर्नाटकातील मळेवाल्याकडून किंवा व्यापाऱ्याकडून थेट कच्चा दाणा मागवता येतो.

अरेबिका सौम्य व सुवासिक, रोबस्टा कडक व कडवट. सुरुवातीला एकाच जातीचा, एकाच आकाराचा दाणा घ्यावा. लहान-मोठे दाणे एकत्र असले तर लहान जळतात आणि मोठे कच्चे राहतात. काळे, फुटके, किडके दाणे निवडून टाकावेत. धान्य निवडणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही.

भांडी

आमचा पहिला घाणा वाया गेला. अर्धा किलो दाणे आम्ही पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात एकदम टाकले. खालचे जळाले, वरचे हिरवेच राहिले आणि धुराने घर भरले. दुसरा घाणा कढईत चांगला भाजला गेला, पण त्या कढईत आदल्या दिवशी मिरच्या भाजलेल्या होत्या; कॉफीला ठसका आला. यावरून दोन नियम घ्यावेत : भांडे जाड बुडाचे असावे आणि ते कॉफीसाठीच वेगळे ठेवावे.

कढईत एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त दाणे घेऊ नयेत. याहून अधिक काम असेल तर पत्र्याचा गोल डबा करून घ्यावा. मधून आरपार सळई, एका टोकाला वळवण्याची मूठ, अंगावर बारीक भोके आणि दाणे टाकण्या-काढण्यासाठी एक झाकण. दोन बाजूंना आधार देऊन शेगडीवर तो सारखा फिरवत राहावे. मात्र तेलाचा किंवा बिस्किटाचा जुना डबा यासाठी वापरू नये. त्यावर कथलाचा मुलामा असतो आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. विस्तवावरचा पत्रा याहून सहज अधिक तापतो. रंगवलेला किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. साध्या लोखंडी किंवा स्टीलच्या पत्र्याचा डबा करावा आणि सांधे डाख देऊन न जोडता रिव्हेट किंवा वेल्डिंगने जोडावेत.

याशिवाय लाकडी उलथने, दोन मोठ्या चाळण्या, सूप, घड्याळ, वजनकाटा आणि वही एवढेच लागते. फुटाण्याच्या भट्टीतील वाळू येथे चालत नाही; दाण्याच्या मधल्या चिरेत ती अडकते आणि पुढे दळणात येते.

भाजण्याची कृती

१) खिडक्या उघडाव्यात, शक्य तर अंगणातच काम करावे. कढई मध्यम आचेवर तापवून वजन केलेले दाणे टाकावेत आणि हात थांबवू नये.

२) चार-पाच मिनिटांत हिरवा दाणा पिवळा पडतो. आधी वाळल्या गवताचा, मग भाजत्या भाकरीचा वास येतो. दाण्यात दहा-बारा टक्के ओलावा असतो, तो या वेळी बाहेर पडत असतो. घाईने आच वाढवू नये, नाहीतर दाणा वरून काळा आणि आतून कच्चा राहतो.

३) आठ ते दहा मिनिटांच्या सुमारास दाणे तडतडू लागतात. हा पहिला तडका. आतील वाफेने दाणा फुगतो, तपकिरी होतो आणि साल सुटते. येथपासून कॉफी पिण्याजोगी असते.

४) तडतड थांबल्यावर आच कमी करावी. मिनिट-दोन मिनिटांनंतरची भाजणी मध्यम होय. त्यापुढे दुसरी, अधिक बारीक तडतड ऐकू येते व दाण्यावर तेल दिसू लागते. फिल्टर कॉफीसाठी तिची चाहूल लागताच उतरवावे. आणखी ठेवले तर कोळसा होतो.

५) उतरवलेला दाणा आतील उष्णतेने भाजतच राहतो. म्हणून तो लगेच या चाळणीतून त्या चाळणीत ओतत पंख्याखाली तीन-चार मिनिटांत गार करावा आणि सुपाने पाखडावा. सुटलेली साल पेट घेते, तेव्हा ती विस्तवाजवळ साचू देऊ नये. कढईत ज्वाळा उठलीच तर पाणी न ओतता विस्तव बंद करून झाकण घालावे.

भाजलेल्या दाण्यातून एक-दोन दिवस वायू निघत राहतो. तोवर डबा घट्ट बंद करू नये. दुसऱ्या दिवशी दळावे.

घटीचा हिशेब

आता धड्याचा मुख्य भाग. समजा, कच्चा दाणा ५०० रुपये किलोने मिळाला. २५० ग्रॅमचे १२५ रुपये झाले. भाजून, पाखडून तो २१० ग्रॅम भरला, म्हणजे १६ टक्के घट. तेव्हा भाजलेला माल किलोला ५०० नव्हे, सुमारे ५९५ रुपयांना पडला. नवखा माणूस ५०० वर ८० रुपये नफा धरून तो ५८० ला विकतो आणि किलोमागे १५ रुपये पदरचे घालतो. गॅस, पिशवी, दळणावळ आणि स्वतःची मजुरी यात अजून धरलेलीच नाही.

ही घट ठरावीक नसते. हलक्या भाजणीत ती १३-१४ टक्के, गडद भाजणीत २० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून प्रत्येक घाण्यासमोर वहीत चार आकडे लिहावेत : कच्चे वजन, लागलेला वेळ, पहिल्या तडक्याचा मिनिट आणि भाजलेले वजन. दहा घाणे झाले की तुमच्या कढईची सरासरी तुम्हाला कळते, आणि मग भाव अंदाजाने सांगावा लागत नाही.

ज्याने हे लिहिले नाही, त्याला महिन्याअखेरीस तोटा दिसतो आणि तो भरून काढायला हात चिकोरीकडे वळतो. चिकोरी हे भाजलेले मूळ, कॉफीहून स्वस्त. ती मिसळणे हा गुन्हा नाही. दक्षिणेत कित्येकांना तशीच कॉफी आवडते. परंतु कायद्याप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. न सांगता मिसळली तर ती भेसळ. ‘मापात पाप’ म्हणतात ते बहुधा लबाडीपेक्षा चुकलेल्या हिशेबातूनच सुरू होते.

गिऱ्हाईकाला विश्वास द्यायचा असेल तर त्याच्यासमोर गार पाण्याच्या ग्लासात चिमूटभर पूड टाकावी. कॉफी काही वेळ तरंगते. चिकोरी रंगाची रेघ सोडत लगेच तळाशी जाते. विक्रीपूर्वी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणीही करावी. घरगुती धंद्याला त्यातून सूट नाही.

पहिल्या महिन्यात विक्रीचा विचारच करू नये. किलोभर दाणा आणावा, त्याचे चार घाणे करावेत आणि चारही वेळा वजन लिहावे. त्या वहीतल्या आकड्यांवर जो भाव निघेल, तो गिऱ्हाईकाला न संकोचता सांगता आला तरच पाकिटे छापावीत.