मत्स्यपेटीत शोभेचा दगड मांडण्यापूर्वी

काचेच्या पेटीत शोभिवंत मासे पाळणे ही हौस आहे, त्याचप्रमाणे तो एक लहानसा जोडधंदाही आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनासही साहाय्याची तरतूद करण्यात आली. मीरा-भाईंदरसारख्या भागात एका बाजूस मिठागरे व उत्तनची कोळी वस्ती, तर दुसऱ्या बाजूस दाट नागरी वस्ती आहे. तेथे हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास गिऱ्हाईक जवळच आहे. तथापि पेटी सजविण्यासाठी कोठूनही उचललेला दगड पाण्यात ठेवला जातो आणि काही दिवसांनी मासे मरू लागतात. रोगाचा संशय घेऊन औषधे घातली जातात. दगडाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. यास्तव दगडाची निवड व परीक्षा यांची माहिती येथे दिली आहे.

दगडाचा पाण्यावर परिणाम

माशांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. हे आम्ल चुनखडी, संगमरवर, शिंपले व प्रवाळ यांस हळूहळू विरघळविते. त्यामुळे पाण्याचा जडपणा व सामू ही दोन्ही वाढतात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. सामू ७ वरून ८ वर गेला, तर त्या अमोनियाचा विषारी अंश सुमारे नऊ-दहा पट होतो. म्हणजे कालपर्यंत निभावून गेलेली घाण आज माशांच्या जिवावर उठते.

सर्वच माशांस चुन्याचे पाणी वर्ज्य असते असे नाही. गप्पी, मोली व आफ्रिकेतील मलावी सरोवरातील मासे यांस जड पाणी मानवते. टेट्रा, डिस्कस यांसारख्या माशांस मात्र मऊ पाणी लागते. म्हणून प्रथम मासा ठरवावा आणि मग दगड निवडावा.

आपल्या भागातील दगड

ठाणे जिल्ह्यातील काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. तो कठीण असून पाण्यात सहसा विरघळत नाही. मत्स्यपेटीस तो उत्तम होय. परंतु या दगडातील पोकळ्यांत पांढरे खडे भरलेले आढळतात. त्यांपैकी गारगोटी व झिओलाइट यांपासून सहसा भय नसते. कॅल्साइट मात्र चुन्याचाच प्रकार असल्याने पाणी जड करतो. म्हणून काळा दगड आहे एवढ्यावर विसंबू नये. जांभा दगड ठिसूळ असल्यास झिजून पाणी गढूळ करतो. धातूसारख्या चकाकणाऱ्या शिरा असलेले, तेल लागलेले किंवा रंग दिलेले दगड घेऊ नयेत.

परीक्षा

१. चुनखडीयुक्त जमीन ओळखण्याची रीत येथेही उपयोगी पडते. दगड खरवडून त्या ताज्या भागावर व पांढऱ्या ठिपक्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकावेत. फेस आल्यास दगडात चुना आहे असे समजावे. हे काम ग्रामसेवकाने हातमोजे घालून, मुलांना दूर ठेवून करावे. घरी व्हिनेगर वापरता येते. परंतु ते सौम्य असल्याने फेस आला नाही म्हणून दगड निर्दोष ठरत नाही.

२. दोन स्वच्छ बादल्यांत एकच पाणी सारखे घ्यावे व एकीत दगड ठेवावा. दोन आठवड्यांनी दोन्हींचा सामू मोजावा. तसेच दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही बादल्यांतील पाणी सारखे घेऊन त्यांत साध्या साबणाचे द्रावण समप्रमाणात घालावे व बाटल्या हलवाव्यात. दगडाच्या पाण्यास फेस कमी आल्यास ते जड झाले असे जाणावे. या परीक्षेस धुण्याची पावडर चालत नाही.

धुणे व मांडणी

दगड ब्रशने घासून वाहत्या पाण्यात धुवावा; साबण लावू नये. दगड उकळत ठेवू नये, कारण आतील ओलाव्याची वाफ होऊन तो फुटण्याची भीती असते.

६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद व तितक्याच उंच पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. एक लिटर जागा व्यापणारा बेसॉल्ट सुमारे तीन किलोग्रॅम भरतो. म्हणजे नऊ किलो दगड ठेवल्यास तीन लिटर पाणी कमी मावते व तळावरील भार वाढतो. म्हणून काचेवर थर्माकोलचा पातळ तक्ता घालून मोठे दगड प्रथम पक्के बसवावेत व नंतर भोवती रेती पसरावी. रेतीवर ठेवलेला दगड मासे उकरतात तेव्हा कलंडतो व काच फुटते.

अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जीवाणू दगडाच्या पृष्ठभागावर वाढतात. त्यांस स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. म्हणून आरंभी थोडेच मासे सोडावेत आणि पुढे सर्व दगड एकाच वेळी घासून काढू नयेत.

दगड कोठून आणू नये

किनाऱ्यावरील खडक व वाळू काढण्यास सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी बंधने घातली आहेत. शिवाय तेथील दगडांत मीठ मुरलेले व शिंपले चिकटलेले असतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील दगडांस हात लावू नये. प्रवाळांस २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने ते विकत घेणेही टाळावे. स्वतःच्या शेतातील किंवा परवानाधारक खाणीतील दगड निवडावा.

ग्रामसेवकांनी गावात दोन बादल्यांचा प्रयोग सर्वांसमक्ष मांडून दोन आठवड्यांनी त्याचा निकाल दाखवावा. एका दगडासाठी दोन आठवडे थांबणे काहींस जड वाटेल. परंतु पेटीभर मासे मेल्यानंतर होणाऱ्या नुकसानीपुढे हा विलंब काहीच नव्हे.