सोलापुरात समुद्राची टाकी: धंदा करण्याआधी हे तीन हिशोब करा



रंगीत प्रवाळ, त्यात फिरणारे केशरी क्लाउनफिश, निळा लाइट. असे व्हिडिओ पाहिले की वाटतं, आपल्या गावात हे कुणाकडेच नाही, आपणच सुरू करूया. सोलापुरात हा धंदा चालेल का? चालू शकतो. पण प्रवाळ विकून नाही, टाकी सांभाळून. कसं ते बघूया.

हिशोब पहिला: कायदा

प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो जिवंत प्राणी आहे. 2001 साली खडक तयार करणारी सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे वाघाच्याच रांगेत! या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत गुन्हा झाला तर किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, वर दंड.

2020 साली मुंबईत कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरची प्रवाळं दुसरीकडे हलवायची होती. त्यासाठी महापालिकेलाही परवानगी काढावी लागली. मग "मालवणहून एक तुकडा आणून देतो, कुणाला कळतंय" असं सांगणाऱ्याकडून माल घ्यायचा का, तुम्हीच ठरवा. मेलेला, वाळलेला तुकडाही नको. परदेशातून आणलेल्या प्रवाळालाही आयातीची आणि मालकीची कागदपत्रं लागतात. कागद नाही, तर माल नाही.

म्हणून सुरुवात मासे, सिरॅमिकचे खडक आणि रेझिनची नकली प्रवाळं यांनी करा. क्लाउनफिशची पैदास टाकीत करता येते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केलं आहे. त्यामुळे मासा घेताना विचारा, टाकीत वाढलेला आहे की समुद्रातून पकडलेला? टाकीत वाढलेला मासा टाकीतलं जगणं आणि खाणं लवकर स्वीकारतो.

हिशोब दुसरा: महिन्याचा खर्च

नवखे इथेच फसतात. टाकीची किंमत धरतात, महिन्याचा खर्च धरत नाहीत.

समजा, 100 बाय 50 बाय 50 सेंटिमीटरची टाकी आहे. म्हणजे 250 लिटर.

*पाणी:* नळाचं किंवा बोअरचं पाणी थेट चालत नाही. आरओ आणि त्यापुढे डीआय फिल्टर लावून टीडीएस शून्याजवळ आणावा लागतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून साठवणीची टाकी वेगळी ठेवा.

*मीठ:* स्वयंपाकाचं नाही, समुद्री मत्स्यटाकीसाठी मिळतं ते. लिटरला साधारण 35 ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी 25 लिटर पाणी बदललं तर महिन्याला पावणेदोन किलो.

*वीज:* पाणी 25 ते 27 अंशांवर ठेवायचं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43! चिलर लागणारच. 300 वॉटचा चिलर दिवसाला 10 तास चालला तर महिन्याला 90 युनिट. पंप आणि लाइटचे आणखी 60 धरा. झाले 150 युनिट. आपल्या बिलाच्या दराने गुणून बघा.

लाइट गेली आणि पंप बंद पडला, तर काही तासांत मासे गुदमरू शकतात. त्यामुळे बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना गोडं पाणी घाला. खारं घातलं तर खारटपणा वाढत जातो आणि मासे जातात.

हिशोब तिसरा: पैसा कुठून येणार?

टाकी एकदाच विकली जाते, देखभाल दर महिन्याला. जुळे सोलापुरातल्या एखाद्या दवाखान्यात तुम्ही टाकी बसवली. डॉक्टरांना पाणी तपासायला वेळ नाही. ते काम तुमचं. उदाहरणादाखल महिन्याला 2,500 रुपये धरले, तर दहा गिऱ्हाइकांचे 25,000. त्यातून मीठ, टेस्ट किट, पेट्रोल वजा करा. वीजबिल गिऱ्हाइकाचं, पण आकडा आधीच सांगा. लपवलात तर पहिल्याच उन्हाळ्यात टाकी बंद आणि तुमचं नाव खराब.

घाईही नको. नवीन टाकीत उपयोगी जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत मासे सोडू नका. गिऱ्हाईक "उद्या उद्घाटन आहे" म्हणालं, तरी नाही म्हणायला शिका.

आजचा गृहपाठ

वहीत तीन पानं करा: कायदा, खर्च, कमाई. मग एकच टाकी स्वतःच्या घरी लावा आणि एप्रिल-मे काढून दाखवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती टिकली, की तीच तुमची जाहिरात. नाही टिकली, तर नुकसान एका टाकीवर थांबलं, दहा गिऱ्हाइकांचा विश्वास तरी गेला नाही.

भेटूया पुढच्या धड्यात.