येडशीला घर घेण्याआधी उन्हाळा पाहा

श्रावणात रामलिंगच्या दरीत उतरलेल्या माणसाला येडशीचा मोह पडला तर त्यात त्याचा काही दोष नाही. बालाघाटचे डोंगर तेव्हा हिरवेगार असतात, मंदिराला वळसा घालून नदी वाहत असते, जटायूची कथा सांगणारी माणसं भेटतात आणि सोमवारी दर्शनाला रीघ लागलेली असते. धाराशिव वीसेक किलोमीटरवर, बार्शी त्याहून थोडी लांब, गावाला लागून सोलापूर–धुळे महामार्ग आणि शिवाय रेल्वे स्टेशन. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या, मूळच्या धाराशिव-लातूरकडच्या माणसाच्या मनात निवृत्तीच्या सुमारास ‘इथंच दोन खोल्या बांधून राहावं’ असं येतं. आता घरी बसून काम करणाऱ्या तरुणांच्याही मनात येऊ लागलं आहे. अशा प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. येडशीला राहायला जायचं की नाही, हे श्रावण पाहून ठरवू नका, एप्रिल-मे पाहून ठरवा. डोंगरावरचं गाव म्हटलं की आपण हवा पाहतो. पण बालाघाटावर राहणं जमतं की नाही, ते हवेपेक्षा पाण्यावर अवलंबून असतं.

याचं कारण जमिनीच्या ठेवणीत आहे. बालाघाटची रांग हा पाणलोटाचा माथा आहे. तिच्या एका अंगाचं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला मिळतं, दुसऱ्या अंगाचं सीनेतून भीमेला. माथ्यावरच्या गावात पाऊस पडतो, पण पाणी थांबत नाही. ते खालच्या गावांच्या वाट्याला जातं. खाली काळा पाषाण, त्यावर कुठं हातभर माती तर कुठं नुसता मुरूम. पाषाणाच्या भेगांत जेवढं मुरेल तेवढंच विहिरीला येतं. त्यात धाराशिव जिल्ह्याची पावसाची सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. जून-जुलैत हुलकावणी देऊन सप्टेंबरात एकदम कोसळायची त्याची रीत आहे. डोंगराळ गाव म्हणून महाबळेश्वर-पाचगणीशी तुलना करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याची उंची बालाघाटच्या जवळजवळ दुप्पट आहे. येडशीला मे महिन्यात रात्री वारा सुटतो हे खरं, पण दुपारचं ऊन मराठवाड्याचंच असतं. गावाशेजारच्या अभयारण्यातलं जंगल पानगळीचं, त्यामुळे जो डोंगर श्रावणात हिरवा दिसतो तोच एप्रिलात करडा, उघडाबोडका असतो. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावं लागलं. ती ‘जलदूत’ गाडी येडशीवरून जाणाऱ्या कुर्डुवाडी–लातूर मार्गानेच धावली. आणि 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूम भागात पुरानं शेतं खरवडून नेली. ही दोन्ही टोकं याच भागाची आहेत आणि इथं कायमचं राहणाऱ्याला दोन्ही सोसावी लागतात.

यावर हमखास उत्तर मिळतं, ‘बोअर घेऊ, नाहीच लागलं तर टँकर मागवू.’ हा आक्षेप नीट तपासायला हवा, कारण घर घेणाऱ्या दहांतल्या नऊ जणांची योजना एवढीच असते. बोअरला पाणी लागेलच असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो बोअरवाला तरी असतो नाहीतर प्लॉट विकणारा. शेजारच्याला दीडशे फुटांवर लागलं म्हणून आपल्याला लागेल असं पाषाणात नसतं. दहा पावलांवर भेग संपते. शिवाय खोल जाऊन उपसलेलं पाणी पुष्कळदा वरच्या थरातल्या, शेजाऱ्याच्या जुन्या विहिरीचं असतं. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमानं साठ मीटरहून खोल विहिरींना शेती आणि उद्योगासाठी मनाई केली, ती उगाच नाही. बागेसाठी, गवताच्या हिरवळीसाठी बोअर पाडणारा नवखा माणूस ज्याच्या विहिरीचा परसभर साठा कमी करतो, त्याच्या घरी जनावरं असतात आणि त्याला पुण्याला परत जाता येत नाही. टँकरचं म्हणाल, तर दुष्काळात सरकारी टँकर आधी गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी असतो, आणि तसाच असायला हवा. खासगी टँकरचा भाव मागणीप्रमाणे चढतो आणि तो नेमका सगळ्यांनाच लागतो तेव्हा वेळेवर येत नाही.

त्यापेक्षा छपराचा हिशेब करा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. सांडलं-वाफ झालं ते वगळून बावन्न हजार हाती लागलं असं धरू. नोव्हेंबर ते जून असे कोरडे आठ महिने, म्हणजे दोनशे चाळीस दिवस. जलजीवन मिशननं माणशी रोजचे पंचावन्न लिटर धरले आहेत. त्या मापानं दोघांना या काळात सव्वीस-सत्तावीस हजार लिटर लागतात. याचा अर्थ असा की तेवढी टाकी बांधली आणि हात राखून वापरलं, तर निम्मा पाऊस पडलेल्या वर्षातही दोन माणसांचं घर कसंबसं तरतं. पण शहरी सवयीनं माणशी एकशे पस्तीस लिटर वापरणारं चार जणांचं कुटुंब आलं, तर त्याच आठ महिन्यांना एक लाख तीस हजार लिटर हवेत. ते हजार फुटांचं छप्पर देणार नाही. येडशीत तुमच्या घरानं किती माणसांनी, कशा सवयींनी राहायचं, हे या आकड्यांत दिसतं. बांधकामाच्या नकाशात मॉड्युलर किचनच्या आधी टाकी आली पाहिजे.

दुसरा आक्षेप महामार्गाचा. चौपदरी रस्ता झाला, आता सगळं हाकेच्या अंतरावर, असं म्हणतात. येण्याजाण्यापुरतं ते खरं आहे, आजारपणाला पुरत नाही. धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे, लातूर साठेक किलोमीटर, सोलापूर नव्वदच्या घरात. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांना एवढंही नशिबी नाही. पण छातीत कळ आली किंवा अर्धांगाचा झटका आला तर हिशेब किलोमीटरचा राहत नाही. रात्री दोनला फोन केल्यावर 108 ची गाडी यायला किती वेळ, त्या घटकेला तिथं हृदयरोगाचा किंवा मेंदूचा डॉक्टर हजर आहे का, नसेल तर पुढं कुठं धाडतात, हे प्रश्न विचारा. साठीपुढच्या जोडप्यात गाडी चालवणारा एकच असेल आणि आजारी तोच पडला, तर रस्ता कितीही गुळगुळीत असून उपयोग नाही. ज्याला डायलिसिस चालू आहे, ज्याची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यानं या गावात कायमचं घर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

छोट्या गावाची सोय-गैरसोय पुष्कळदा दुसरीकडे ठरते, हेही येडशीनं पाहिलं आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत गेली आणि पुढं जवळजवळ शतकभर जिल्ह्याच्या गावाला जायचं तर येडशीला उतरावं लागे. 2007-08 च्या सुमारास मार्ग रुंद झाला, तो वळवून धाराशिवला नेला, आणि ते महत्त्व उरलं नाही. आता सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाचं काम चालू आहे. त्यानं काय बदलेल याचे अंदाज प्लॉटच्या भावात आजच मिसळलेले असतात. येऊ घातलेल्या सोयीचे पैसे आज मोजू नका.

आता जमीन. इथं पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाची समजूत सर्वांत जास्त चुकते, कारण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्याच्या खुणा सातबाऱ्यावर अजून आहेत. कूळकायदा पश्चिम महाराष्ट्राचा 1948 चा नाही, 1950 चा हैदराबादचा लागतो. जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून पाच-सहा गुंठ्यांचे तुकडे दाखवतात, त्यांना तुकडेबंदी आडवी येते. 2023 मध्ये जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. त्यानंतरही काही शिथिलता आल्या आहेत, म्हणून खरेदीच्या वेळी चालू असलेला नियम दुय्यम निबंधक कार्यालयातच विचारा, दलालाला नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असेल, ‘इतर अधिकार’ या रकान्यात मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान इनाम असले शब्द असतील तर तिथंच थांबा. खिदमतमाश म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली जमीन. ती कब्जेदाराच्या नुसत्या सहीनं विकली जात नाही. चालू सातबारा कोरा दिसला तरी जुने फेरफार आणि 1954-55 चं खासरा पत्रक काढून वाचा. मराठवाड्यात जमिनीचा पूर्वेतिहास त्या कागदात सापडतो. गट वनहद्दीला लागून असेल तर वन विभागाचा नकाशा पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. गावठाणातलं जुनं घर घेणं त्या मानानं सोपं. मात्र माळवदाच्या घराचा गारवा पाहून भुलू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गेली, त्यांतली पुष्कळशी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावरचं मातीचं ओझं कोसळून गेली. जुनं माळवद ठेवायचं असेल तर आधी इंजिनिअरकडून भिंती तपासून घ्या, रंगरंगोटी मागाहून.

शेजारी जंगल आहे त्याचाही विचार हवा. 1997 मध्ये जाहीर झालेलं रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं आहे. डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ तिथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात दिसला. मला त्याचा आनंद वाटतो. पण एवढ्या छोट्या जंगलात वाघ मावत नाही, तो बार्शीकडच्या शिवारात जातो, आणि ज्यांची गुरं जातात त्यांना आनंद कसा वाटेल? डोंगराकडेला एकटं घर बांधून राहण्याची हौस असणाऱ्यानं माकडं, रानडुकरं आणि बिबट्या धरून चालावं आणि घर वस्तीत घ्यावं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: ‘तिथं हजारो माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मग आम्हालाच काय धाड भरली आहे?’ राहतात, पण कशाच्या बळावर ते पाहायला हवं. विहीर आटली तर चुलत्याच्या विहिरीवरून पाणी आणता येतं. रात्री दवाखान्यात न्यायला भावकीतला पोरगा जीप काढतो. दुष्काळात दोन उस्मानाबादी शेळ्या विकून महिना काढता येतो. या सोयी त्यांना कोणी फुकट दिलेल्या नाहीत. लग्नकार्याला राबून, मयताला खांदा देऊन, उसनवारी फेडून त्यांनी त्या जोडल्या आहेत. नव्यानं आलेल्याकडे यातलं काही नसतं, फक्त पैसा असतो, आणि पैशानं अडीअडचणीला माणूस येईलच असं नाही. शिवाय गावातली मुलं स्वतः शिकायला लातूरला आणि नोकरीला पुण्याला जातात. तेव्हा मुलांची शाळा-क्लास समोर असलेल्या कुटुंबानं इथं येणं म्हणजे गावकरी ज्या वाटेनं बाहेर पडत आहेत तिच्याच उलट चालणं. काहींना ते जमेलही. पण मुलांची सातवी-आठवी आल्यावर घर पुन्हा बदलावं लागेल, हे आधीच मान्य करून या.

मग कोणी यावं? माझ्या मते, ज्याचे या भागात नातेवाईक आहेत किंवा ज्याचं काम इथल्या माणसांना उपयोगी पडणारं आहे, त्यानं जरूर यावं. निवृत्त शिक्षक, परिचारिका, पंप-मोटारी दुरुस्त करणारा, शेतीमालाचा व्यापार समजणारा, सीताफळावर प्रक्रिया करू पाहणारा, अशांना गाव लवकर आपलं म्हणतं, कारण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते. लॅपटॉपवर पोट असणाऱ्यानं इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचं नेट घेऊन यावं. वळवाच्या वादळात तारा तुटतात तेव्हा वीज कधी येईल हे महावितरणचा वायरमनही सांगू शकत नाही. ज्याला फक्त शांतता आणि गारवा हवा आहे, त्यानं श्रावणात चार दिवस येऊन जावं. त्यात कमीपणा काही नाही आणि गावाच्या पाण्यावर भारही पडत नाही.

ज्यांचं मन तरीही येडशीवरच आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. खरेदीखत करण्याआधी गावठाणात भाड्यानं खोली घ्या, महामार्गालगत नको. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते पुरुषांना नका विचारू, घागरी भरणाऱ्या बायकांना विचारा. पाच-सहा विहिरींत डोकावून मे महिन्यात किती परस पाणी उरतं ते पाहा, जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जाऊन गावच्या पातळीच्या नोंदी मागा. पंधरा एप्रिलच्या आत राहायला या आणि मृगाचा पाऊस पडून विहिरींना पाणी येईपर्यंत ती खोली सोडू नका.