टॉर्चचे जादा सेल कशात ठेवावेत?

प्रश्न : एप्रिल 2024 मध्ये आमच्या गुढियारीत वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मर गोदामाला आग लागली. तेव्हापासून घरात दोन टॉर्च कायम तयार असतात. जादा सेल आणि बल्ब बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. चालेल का?
– एक वाचक, रायपूर

उत्तर : तो डबा आजच रिकामा करा. सुट्या सेलची दोन्ही टोकं पत्र्यामुळे जोडली गेली की शॉर्टसर्किट होतं. साधा पेन्सिल सेल तापतो, लिथियमचा पेटूही शकतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. तिथे एखादी किल्लीही पुरते. त्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

पॉलिप्रॉपिलीनचा, प्रत्येक सेलला वेगळा खण असलेला डबा घ्या. काचेसारखं पारदर्शक, कडक प्लास्टिक पडलं की तडकतं. टॉर्चमधला 18650 हा लिथियम सेल 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब असतो, पण आत संरक्षक सर्किट असेल तर लांबी सत्तरच्या आसपास जाते. मग झाकण दाबून लावावं लागतं. म्हणून दुकानात सेल सोबत न्या आणि घालूनच बघा.

रायपूरच्या मे महिन्यात डबा गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली नको. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर सेलवर पाणी सुटतं. रिचार्ज होणारे लिथियमचे सेल निम्मे चार्ज करून ठेवा.

बल्ब वेगळ्या डबीत, फोममध्ये ठेवा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डागाच्या जागी काच जास्त तापते. टॉर्च एलईडीची असेल तर बहुधा जादा बल्ब लागणारच नाही.