क्षयरोग : उपचार कोठेही घ्या, नोंद अवश्य करा
काशीच्या अमृतराव घाट परिसरातील मराठी कुटुंबांसाठी



घाटामागील गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांस लागून आहेत. क्षयरोग हवेतून पसरतो, भांड्यांतून वा स्पर्शातून नव्हे. म्हणून रुग्णास वेगळे टाकू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खोकताना तोंड झाकावे.

तपासणी केव्हा करावी?
दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजनात घट, रात्री घाम किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासणी करून घ्यावी.

नोंद कशासाठी?
अनेक जण प्रथम खासगी डॉक्टरांकडे जातात. त्यात गैर काही नाही. मात्र २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे त्यांनाही बंधनकारक आहे. ‘निक्षय’वर नोंद झाली का, हे आपण स्वतः विचारावे. नोंद झाल्यास :
• खासगी डॉक्टरांच्या रुग्णासही शासकीय औषधे विनामूल्य मिळू शकतात.
• उपचारकाळात पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात.
• रुग्णाच्या संमतीने ‘निक्षय मित्र’ पोषण आहार पुरवू शकतात.
• घरातील इतरांची तपासणी व गरजेनुसार प्रतिबंधक उपचार होतात. वाराणसीतच २४ मार्च २०२३ रोजी भरलेल्या जागतिक परिषदेत कुटुंबकेंद्रित सेवेचा आरंभ झाला.

उपचार अर्धवट सोडू नका
साध्या क्षयरोगाचा उपचार साधारणतः सहा महिने चालतो. काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. तेव्हा औषध थांबविल्यास रोग उलटतो आणि नेहमीची औषधे निष्प्रभ ठरू शकतात.

विनाशुल्क मदतवाहिनी : १८००-११-६६६६